मदत हवी आहे: उतारावर सायकलचा वेग वाढला की हात आखडतात

नमस्कार मंडळी. मी बोरिवलीचा. आझाद मैदानावर सीझन बॉल खेळतो, समोर कितीही वेगवान गोलंदाज असला तरी पाय मागे सरत नाही. पण नॅशनल पार्कात कान्हेरीहून उतरताना सायकल ४०च्या पुढे गेली की खांदे ताठ होतात, बोटं ब्रेकवरून निघत नाहीत.

क्रिकेटमध्ये वेग चेंडूचा असतो, इथे स्वतःचाच. पॅड नाहीत, रस्त्याला टेकलेला टायर जेमतेम अंगठ्याएवढा. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक मारून थांबायला चौपट अंतर लागतं. त्यामुळे ही भीती अगदीच अनाठायी आहे असं मला वाटत नाही.

वळणाआधीच ब्रेक, बाहेरचं पेडल खाली, नजर वळणाच्या पुढे, हे सगळं माहीत आहे. पण ओला पाचोळा किंवा रस्त्यात बसलेलं माकड दिसलं की नजर तिथेच खिळते आणि सायकलही तिकडेच ओढली जाते.

कसारा, खंडाळा उतरलेल्यांनी कृपया सांगा: नजरेची ही सवय कशी मोडलीत? हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) ठेवायचा सराव आधी आरेच्या छोट्या उतारांवर करू का? मित्रांबरोबर माळशेज ठरतंय, म्हणून जरा लवकर कळवा.