चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशननंतर हार्मोनची गोळी किती काळ घ्यायची?

नुकतीच लॅप्रोस्कोपी झाली. डाव्या अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेली गाठ) काढली, चिकटलेलं आतडंही सोडवलं. रिपोर्टवर एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं), तिसरी स्टेज. आता डायनोजेस्ट (प्रोजेस्टोजेन हार्मोनची गोळी) २ मि.ग्रॅ. रोज एक, खंड न पाडता. किती दिवस विचारलं तर "मूल हवं असेल तेव्हा बंद करू" एवढंच उत्तर मिळालं. मुलाचा विचार आम्ही सध्या तरी केलेला नाही.

सासूबाईंचं म्हणणं, गाठ काढलीच आहे तर गोळ्या कशाला? मलाही ते पटायला लागलंय, कारण पाळी बंद आणि वर रोज थोडं थोडं स्पॉटिंग. चिडचिड तर विचारू नका. पाळी आली नाही की रक्त आत साठतं, असंही ऐकलं. साध्या गर्भनिरोधक गोळ्या चालतील का? मला मायग्रेन आहे, आधी डोळ्यांसमोर चमकतं आणि मग डोकं धरतं. की मिरेना (गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन) बरं? कुणी तरी महिन्याच्या इंजेक्शनचंही सुचवलं. अनुभव असेल तर सांगा, प्लीज.

प्रतिसाद १:
रक्त साठत वगैरे नाही. गोळीने गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, मग बाहेर पडायला असतं काय? ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसतं तेवढंच निघतं आणि अंडाशय इस्ट्रोजेन बनवत राहतं, म्हणून सिस्ट परत होऊ शकते. गोळी त्यासाठीच. सुरुवातीचे काही महिने स्पॉटिंग होतंच, मलाही झालं, पुढे कमी झालं. पण मन खूपच खचल्यासारखं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नका, कंडोम वापरा.

प्रतिसाद २:
चमकणाऱ्या मायग्रेनचं डॉक्टरांना सांगितलंय का? साध्या गर्भनिरोधक गोळ्यांत सहसा इस्ट्रोजेन असतं आणि तशा गोळ्या अशा मायग्रेनमध्ये देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून स्वतःहून बदलू नका. मिरेनात प्रोजेस्टोजेनच असतं, तो पर्याय विचारण्यासारखा आहे. महिन्याचं इंजेक्शन, म्हणजे ल्युप्रोलाइड, ही तात्पुरती रजोनिवृत्तीच. अंगातून वाफा येतात, हाडं विरळ होतात, म्हणून ते सहसा सहा महिन्यांपुरतं देतात, जास्त काळ लागलं तर सोबत थोडे हार्मोन परत देतात. पहिल्याच फटक्यात तिकडे जाऊ नये, असं माझं मत.

२०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनुसार लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर हार्मोन देता येतात. लगेच हवं असेल तर गर्भधारणेची शक्यता वाढावी म्हणून ते देऊ नयेत. तेव्हा तुम्हा दोघांचा विचार आधी पक्का करा, कारण गोळीचा काळ त्यावरच ठरणार. सिस्ट काढताना अंडाशयातली बीजं कमी होऊ शकतात, म्हणून एएमएच तपासणीचंही (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) विचारून ठेवा.

धागाकर्ती:
मायग्रेनचं सांगायचं राहिलंच होतं. उद्याच फोन करते. एएमएच गोळी चालू असताना केली तर आकडा खरा येतो का, हे कुणाला माहीत आहे?