दानपत्र करून दिलं, आता मुलगा खोली रिकामी करा म्हणतो. इंदूरमध्ये अर्ज कुठे आणि कशाखाली करायचा?

वीणा_राजेंद्रनगर
आमच्या कॉलनीतल्या ७४ वर्षांच्या काकूंसाठी विचारते आहे. घर त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. २०२१ मध्ये त्यांनी ते मुलाला रजिस्टर्ड दानपत्रानं दिलं. आता त्यांना वरच्या एका खोलीत ठेवलंय, जेवणाचं तुमचं तुम्ही बघा म्हणतात, आणि खोलीही सोडायला सांगितली आहे. थोडी फॅमिली पेन्शन आहे, पण एटीएम कार्ड मुलाकडे. मुलगी पुण्यात असते. काकूंना भांडण नको, मरेपर्यंत त्याच घरात राहायचंय. दानपत्र रद्द होऊ शकतं का? वकील करावा लागेल का? मुलगी पुण्याहून अर्ज करू शकते का?

मल्हारगंज_कागदपत्रे
अर्जाच्या आधी दानपत्राची नक्कल हातात घ्या. मूळ प्रत मुलाकडे असली तरी अडत नाही, उप-पंजीयक (दुय्यम निबंधक) कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. दस्त क्रमांक ठाऊक नसेल तर वर्ष, दोघांची नावं आणि घराचा पत्ता यावरून शोध घेता येतो.

नक्कल एवढ्यासाठी, की आईवडील आणि ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या भरणपोषण कायद्याचं कलम २३ एका शब्दावर उभं आहे: अट. ज्येष्ठानं घर दिलं, देताना अट अशी की घेणारा त्याच्या मूलभूत गरजा आणि सोयी पाहील, आणि घेणाऱ्यानं ते पाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं कायदाच धरतो आणि देणाऱ्याच्या इच्छेनुसार प्राधिकरण (या कायद्याखालचे अर्ज ऐकणारं) तो रद्दबातल ठरवू शकतं. फसवणूक वेगळी सिद्ध करायची नसते. अट होती आणि मोडली, एवढंच दाखवायचं.

पण दस्त लिहिणाऱ्यांचा साचा ठरलेला असतो: ‘प्रेम एवं स्नेहवश, बिना किसी दबाव के’. त्यात अट कुठेच नसते. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की आईवडिलांनी मुलांना मालमत्ता दिली एवढ्यावरून अट गृहीत धरता येत नाही, ती अर्जात मांडून दाखवावी लागते. पुष्कळ अर्ज इथेच पडतात, कारण अर्जात मुलाच्या वागणुकीची चार पानं असतात आणि अटीबद्दल एक ओळही नसते.

दुसरी बाजू आपल्याच राज्यातली आहे. छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात २ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दानपत्र रद्द करण्याचा आदेश पुन्हा कायम केला. तिथे दानपत्रात मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख होता आणि त्याच दिवशी लिहिलेलं वेगळं वचनपत्र होतं. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावावा, आणि प्राधिकरण घराचा ताबा परत देण्याचाही आदेश देऊ शकतं, असं त्या निकालात आहे.

तेव्हा नक्कल ओळीओळीनं वाचा. ‘सेवा’, ‘देखभाल’, ‘भरण-पोषण’, ‘खान-पान’ यांतला एखादा शब्द सापडतो का ते पाहा. त्या सुमारास स्टॅम्पवर काही वेगळं लिहून घेतलं होतं का, हे काकूंना विचारा. दस्तावर सही केलेल्या दोन साक्षीदारांनाही गाठा.

भरणपोषण_अर्ज
आता प्रक्रिया. प्राधिकरण म्हणजे तुमच्या भागाचे एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी). इंदूरला जूनी इंदूर, मल्हारगंज, राऊ असे वेगवेगळे आहेत, त्यामुळे काकूंचा पत्ता कोणत्या तहसिलीत येतो ते आधी विचारून घ्या. चुकीच्या ठिकाणी दिलेला अर्ज नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. मंगळवारच्या जनसुनवाईत कलेक्टरांकडे दिलेला कागदही शेवटी एसडीएमकडेच येतो, म्हणून तो मूळ अर्जाच्या जोडीला द्या, त्याऐवजी नको.

अर्ज हिंदीत लिहा. मराठीतलं जुनं पत्र किंवा चिठ्ठी जोडायची असेल तर सोबत हिंदी भाषांतर लावा. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, पासबुकाच्या पानांच्या प्रती, औषधांची बिलं आणि दर महिन्याच्या खर्चाचा अर्धा पानाचा हिशेब एवढं जोडा. पेन्शन लपवू नका. पेन्शन असली म्हणून हक्क जात नाही, पेन्शनमध्ये काय भागतं आणि काय भागत नाही तेवढं दाखवायचं. कायद्यानं ठरवता येणारी कमाल रक्कम महिन्याला १०,००० रुपये आहे. अंतरिम रक्कम (निकालापर्यंतची तात्पुरती) त्याच अर्जात मागा, नाहीतर पहिल्या दोनतीन तारखा तशाच निघून जातात.

निकाल ९० दिवसांत लागायला हवा, अपवादानं आणखी ३० दिवस. पण हे ९० दिवस अर्ज दिल्यापासून नाही, समोरच्याला नोटीस पोचल्यापासून मोजतात. उशीर होतो तो इथेच. नोटीस घरी जाते, दार कुणी उघडत नाही, पाकीट परत येतं. म्हणून अर्जात मुलाच्या घराचा पत्ता, नोकरीच्या जागेचा पत्ता आणि मोबाइल नंबर तिन्ही लिहा.

मुलगी अर्ज करू शकते. काकूंना स्वतः जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, म्हणून काकूंच्या सहीचं साधं अधिकारपत्र जोडा. मात्र ‘अपत्य’ या शब्दात मुलगीही येते, आणि मुलगा तिला सहप्रतिवादी करा असं म्हणू शकतो. तिनं ते मनाला लावून घेऊ नये, मी माझा वाटा देते असं लिहून द्यावं. सुनेचं नाव या अर्जात रकमेसाठी घालू नका. आजच्या कायद्यातल्या व्याख्येत सून नाही.

वकिलाबद्दल: कलम १७ वकिलाला मज्जाव करतं. दिल्ली आणि केरळ हायकोर्टांनी वेगळा निर्णय दिला आहे, पण इथे वकिलाशिवाय उभं राहायची तयारी ठेवा. कलम १८ प्रमाणे भरणपोषण अधिकारी काकूंची बाजू मांडू शकतात, तशी लेखी विनंती करा.

आदेश झाल्यावर ३० दिवसांत पैसे जमा व्हायला हवेत. नाही झाले तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत ही मुदत घालवू नका. त्यानंतरही रक्कम थकवली तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आदेश विरोधात गेला तर अपिलाला ६० दिवस आहेत.

वीणा_राजेंद्रनगर
नक्कल मिळाली. तीनदा वाचली. फक्त प्रेम आणि स्नेह. वेगळा कागद काहीच नाही. साक्षीदारांपैकी एक वारले, दुसरे मुलाचे मित्र. म्हणजे संपलं का?

घरातला_हक्क
संपलं नाही. तुम्ही सगळे दानपत्राभोवती फिरताय, पण काकूंनी घराची मालकी परत मागितलेलीच नाही, त्यांना राहायचंय. राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नाही.

२००५ चा घरगुती हिंसाचार कायदा फक्त सुनेसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा. आईसुद्धा मुलाविरुद्ध त्याखाली येऊ शकते. कलम १७ सांगतं की कौटुंबिक नात्यातली स्त्री ज्या सामाईक घरात राहते, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो, आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला तिथून काढता येत नाही. जेवण तोडणं, पेन्शनचं कार्ड ठेवून घेणं हा त्या कायद्यात आर्थिक छळ आहे.

संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे कलम १२ चा अर्ज द्या. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. मागण्या नेमक्या लिहा: घरातून काढू नये, खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वापरू द्यावं, वीज-पाणी तोडू नये, एटीएम कार्ड परत द्यावं. कलम १८ चा संरक्षण आदेशही मागा, कारण तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे वकील चालतो, आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. नंबर १५१००. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

पैशांसाठी एसडीएमकडचा अर्ज ठेवा. दोन्ही एकाच वेळी चालतात, फक्त महिन्याची रक्कम दोन्हीकडे मागू नका. बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेच्या) कलम १४४ खाली पोटगीचा दावा केलात, तर मात्र २००७ च्या कायद्यातली रक्कम सोडावी लागते, दोन्हींतलं एकच.

मल्हारगंज_कागदपत्रे
यात एक जोडतो. कलम २३ चं दुसरं पोटकलम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ज्या मालमत्तेतून पोषणाचा हक्क आहे ती फुकट दिली गेली असेल, तर तो हक्क घेणाऱ्याविरुद्ध बजावता येतो. काकूंनी घर मोबदला न घेता दिलं, हे दानपत्रावरच छापलंय. अर्जात ही एक ओळ अवश्य घाला.

दबावानं सही घेतली असेल तर दस्त रद्द करायचा दिवाणी दावा हा वेगळा मार्ग आहे. त्याची मुदत ३ वर्षं, दबावाची हकीकत कळल्यापासून. २०२१ चा दस्त आहे, तेव्हा त्या मार्गावर आशा ठेवण्याआधी वकिलाकडून मुदत तपासून घ्या.

कॉलनीत आणखी कुणी दानपत्राच्या विचारात असेल तर त्यांना थांबवा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, स्टॅम्प लागत नाही, आणि ते कधीही बदलता येतं. दानपत्रच करायचं असेल तर आपला आजन्म राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट शब्दांत लिहून घ्या, आणि सही करायच्या आधी ते वाक्य मोठ्यानं वाचून घ्यायला सांगा.

भरणपोषण_अर्ज
आणि बँकेचं काम उद्याच करा. काकूंना सोबत घेऊन शाखेत जा, जुनं कार्ड बंद करा, नवं त्यांच्या हातात घ्या, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे तो तपासा. तो मुलाचा असेल तर बदला, नाहीतर नव्या कार्डाचे ओटीपीही त्यालाच जातील.