मुलाचे प्रशस्त घर सोडून आजी चायनाटाउनच्या खोलीत का गेल्या असतील?

सॅनहोजेकर:
आमच्या शेजारी मूळच्या दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातल्या एक आजी मुलाकडे राहत असत. परसातल्या मांडवावर त्यांनी कोहळ्याचा वेल चढवला होता. पहिला कोहळा निघाला की त्याची भलीमोठी फोड कुंपणावरून आमच्याकडे येई. त्यांना इंग्रजी येत नसल्याने आमचे बोलणे तेवढेच. नातू मोठा झाल्यावर त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये, म्हणजे जुन्या चिनी वस्तीत, एका लहानशा खोलीत राहायला गेल्या. तिथे स्वयंपाकघर आणि संडास मजल्यावरच्या सर्वांना मिळून आहेत. घरात भांडण झालेले नाही. मग त्यांना तिथे काय गवसले असावे?

वृद्धसेवक:
मी अनेक वर्षे चिनी वृद्धांमध्ये काम केले आहे. उपनगरात ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याला दवाखान्यापासून कोथिंबिरीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी मुलांची सवड पाहावी लागते, आणि ज्याने आयुष्यभर घर चालवले त्याला हे फार लागते. चायनाटाउनमध्ये कॅण्टनीज, म्हणजे क्वांगतुंगकडची भाषा, बोलणारा डॉक्टर, भाजीवाला, औषधांचे दुकान सारे पायी जाण्याच्या अंतरावर आहे. खोली निजण्यापुरतीच, पत्ते आणि चिनी बुद्धिबळ खेळायला वृद्ध जिथे वर्षानुवर्षे जमत आले आहेत, तो पोर्ट्समथ स्क्वेअर हा बागेचा चौक हीच त्यांची ओसरी. शिवाय १९७१ साली इथेच सुरू झालेली ऑन लोक ही संस्था, जिच्या नावाचा अर्थच शांत, सुखी निवास असा आहे, वृद्धांना दिवसा केंद्रावर आणून जेवण आणि उपचार देते व संध्याकाळी त्यांच्या घरी पोहोचवते. त्यामुळे परिसर न सोडता म्हातारपण काढता येते.

पानगळ:
गळलेले पान मुळाशी परतते, अशी चिनी म्हण आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली, बहुतेकांच्या बायका गावीच राहिल्या, आणि इथे मेलेल्यांच्या अस्थी काही वर्षांनी उकरून हाँगकाँगमार्गे गावी पाठवल्या जात. तो कायदा १९४३ मध्ये रद्द झाला; १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर कुटुंबे येऊ लागली. आता छिंगमिंग या पूर्वजांच्या सणाला लोक जवळच्या कोल्मा गावातल्या दफनभूमीत थडगी झाडतात, नैवेद्य मांडतात. ज्या मातीत आपले माणूस पुरले आहे ती परकी कशी म्हणावी?

उत्तरायण:
एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. माझ्या ओळखीच्या, ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहराच्या काकू मँडरिन ही चीनची राजभाषा बोलतात. चायनाटाउनमधल्या कॅण्टनीज आणि तायशानी (क्वांगतुंगमधल्याच तायशान भागातली) बोलीत त्या परक्याच ठरल्या, म्हणून त्या सकाळी उपनगरातल्या बागेत उत्तरेकडच्या बायकांबरोबर नाचायला जातात. शिवाय त्या जुन्या इमारतींपैकी कित्येकींना लिफ्ट नाही, आणि गुडघे दुखू लागल्यावर चौथ्या मजल्यावरची खोली तुरुंगासारखी वाटू शकते. आजींना जिने किती चढावे लागतात, हे अवश्य विचारा.

सॅनहोजेकर:
मुलाला विचारले; खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. वेलाला अजून पाणी घालतो, म्हणाला. या रविवारी तो पहिला कोहळा घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, आणि मीही बरोबर जाणार आहे.