सेकंड हँड इकोस्पोर्ट १.० इकोबूस्ट घ्यावी का? बेल्टवर अडकलोय

निवांत_चालक

नमस्कार मंडळी. फोर्डची एक इकोस्पोर्ट बघून आलोय, १.० लिटर टर्बो पेट्रोल, म्हणजे इकोबूस्ट इंजिन, मॅन्युअल. एकच मालक, वयाच्या मानाने रनिंग अगदीच कमी, आतून इतकी स्वच्छ की सीटवरचं प्लॅस्टिक कालच काढलंय की काय वाटावं. चालवून बघितली, पिकअप भारी आहे, तीन सिलिंडर असल्याचं उभ्या गाडीत जरा जाणवतं, एकदा निघाली की नाही. मनातल्या मनात घेऊनच टाकली होती, पण घरी येऊन वाचायला बसलो आणि डोक्याचा भुगा झाला. एक जण सांगतो याच इंजिनाला २०१२, १३ आणि १४ असं सलग तीनदा इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर मिळालंय, दुसरा सांगतो फुकट दिली तरी घेऊ नका, बेल्ट ऑइलमध्ये राहून कुजतो. आता दोघंही खरं कसं बोलत असतील?

माझा वापर म्हणजे ऑफिस, मुलांची शाळा, बाजार, लांबचा प्रवास कधीमधी. गाडी निदान सात-आठ वर्षं ठेवायची आहे. कमी रनिंग हा प्लस पॉइंट धरायचा ना?

पान्हा_दहा

दोघंही खरंच बोलतायत. अवॉर्ड नव्या इंजिनाला मिळतं हो, तुम्ही जुनं घेताय.

इतर बऱ्याच गाड्यांत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, बाहेर कोरडा असतो नाहीतर चेन असते, यात बेल्ट इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये भिजलेला फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी, म्हणून तसं केलं. पण मग बेल्टचं आयुष्य ऑइलवर अवलंबून राहतं. कंपनीने सांगितलेलं ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-२० आणि ते फोर्डच्या ९४८-बी स्पेसिफिकेशनचं, तेच लागतं. कोणी "आपल्या हवेला जाड ऑइल बरं" म्हणून भलतंच ओतलं, किंवा ऑइल बदलायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, की रबर सुटायला लागतं. बेल्ट एका झटक्यात तुटतोच असं नाही, आधी त्याचे कण खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्यात जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की प्रेशर पडतं, मग टर्बो आणि बेअरिंगची वाट लागते. बेल्ट तुटलाच तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, तो वेगळाच खर्च.

आता कमी रनिंगचं. या इंजिनात मला ते प्लस वाटत नाही. डायरेक्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इंजिन गार असताना थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी लांब पळाली, ऑइल नीट तापलं, तर ते उडून जातं. रोज तीन-चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ते तसंच साचत राहतं आणि बेल्ट त्यात भिजत पडतो. वय झालेली पण कमी चाललेली गाडी बहुतेक वेळा अशीच चाललेली असते. आणि तुमचा वापरही तसाच आहे, नीट वाचा परत.

डिझेल_जिंदाबाद

भाऊ १.५ टीडीसीआय डिझेल बघ ना. माझ्याकडे तीच आहे, बेल्ट कोरडा, ठरलेल्या वेळी बदलायचा आणि विसरून जायचं. ॲव्हरेज ऐकलंस तर टर्बो पेट्रोलचं नाव काढणार नाहीस.

रात्रपाळी

डिझेलवाले आले नाहीत असा एक धागा दाखवा मला 😀 अहो त्यांचा वापर शाळा आणि बाजार आहे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेलं डिझेल तसं चालवलं तर काजळी जळायला वेळच मिळत नाही, मग फिल्टर चोक. म्हणजे एक दुखणं सोडून दुसरं घ्यायचं.

बाकी पान्हाभाऊ, उगाच घाबरवू नका माणसाला. कंपनीचा आकडा १० वर्षं किंवा २ लाख ४० हजार किलोमीटर असा होता, जे आधी होईल ते. या गाडीला अजून बराच अवकाश आहे.

पान्हा_दहा

आकडा बरोबर आहे, पण तो योग्य ऑइल वेळेवर बदललं असं धरून काढलेला आहे. सेकंड हँड गाडीत नेमकं तेच माहीत नसतं. अनुभवी मेकॅनिक तिथपर्यंत थांबा असं सहसा सांगत नाहीत.

शिवाय यात बेल्ट दोन आहेत, एक टायमिंगचा आणि दुसरा छोटा, ऑइल पंप फिरवणारा. त्या दुसऱ्याकडे कोणाचं लक्ष नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डने सुमारे १ लाख ३९ हजार गाड्यांचा रिकॉल काढला, २०१६ ते १८ च्या फोकस आणि २०१८ ते २२ च्या इकोस्पोर्ट, सगळ्या १.० इंजिनाच्या. कारण हाच पंपाचा बेल्ट आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनर. ऑइल प्रेशर जातं, इंजिन बंद पडू शकतं आणि मग ब्रेकचा असिस्टही जाऊ शकतो. तेव्हा हे नुसतं गॅरेजच्या कट्ट्यावरचं बोलणं नाहीये.

चारचाकी_संसार

मधे बोलते. १.० टर्बो नको म्हणून १.५ पेट्रोल घ्यायला निघालात तरी नीट बघून घ्या, कारण १.५ पेट्रोल दोन वेगवेगळी आहेत. आधीचं चार सिलिंडरचं, त्यात बेल्ट कोरडा. फेसलिफ्टनंतर आलेलं तीन सिलिंडरचं, ज्याला ड्रॅगन म्हणतात, त्यातही बेल्ट ऑइलमध्येच. विकणारा दोन्हींना "साधं पेट्रोल" म्हणतो. आणि जुन्या १.५ ची ऑटोमॅटिक असेल तर ती ड्राय ड्युअल क्लच, म्हणजे दोन कोरड्या क्लचवर चालणारी, पॉवरशिफ्ट, ट्रॅफिकमध्ये थरथरण्यासाठी बदनाम आहे. नंतरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारा, तो बरा.

म्हणून इकोस्पोर्ट रिलायबल आहे का या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स ते सांगा, मग बोलू. तुमच्या वापराला मी चार सिलिंडर मॅन्युअल शोधली असती. पिकअप बेताचाच आहे, पण शाळेच्या रांगेत कोणाला पिकअप दाखवायचाय.

निवांत_चालक

बापरे, एवढं असतं होय. विकणाऱ्याला फोन केला होता. बिलं सगळी आहेत म्हणाला, फोटोही पाठवले, सर्व्हिस दरवर्षी झालेली दिसते. पण ऑइलपुढे नुसतं "इंजिन ऑइल" लिहिलंय, ग्रेड कुठेच नाही. सुरुवातीची बिलं कंपनीच्या वर्कशॉपची, नंतरची बाहेरच्या गॅरेजची. बेल्ट बदलल्याचा उल्लेख नाही. आता काय करू? खरं सांगायचं तर गाडी आवडलीय.

पान्हा_दहा

आवडलीय ना, मग चेंबर उतरवून बघायला सांगा. थोडं काम आहे पण अवघड नाही, सोबत ऑइल आणि फिल्टर बदलून द्यायचा खर्च तुम्ही उचला म्हणजे तो नाही म्हणणार नाही. जाळीवर बोट फिरवा. नुसतं तेलकट असेल तर चांगलं. काळे, चहापत्तीसारखे कण बोटाला लागले आणि चिमटीत दाबल्यावर रबरासारखे दबले, तर बेल्ट सुटायला लागलाय. तशी दिसली तर सरळ निघून या, नुसती जाळी धुऊन भागत नाही, वरून परत पडणारच.

जाळी स्वच्छ निघाली तरी दोन्ही बेल्ट बदलायचा खर्च किमतीतून कमी करून घ्या आणि गाडी आली की आधी तेच काम करा. हे काम कोणाकडेही टाकू नका, पुढचं कव्हर पूर्ण उतरतं आणि टायमिंग लॉक करायची खास टूल्स लागतात. आधी किती वेळा केलंय ते तोंडावर विचारा. कूलंटचा पाइप पण बघा, सुरुवातीच्या १.० मध्ये तो फुटून इंजिन तापायच्या तक्रारी होत्या.

रात्रपाळी

यावर माझंही दुमत नाही. फक्त पार्टची चौकशी घ्यायच्या आधी करा, इकोस्पोर्ट आता कुठेच बनत नाही. बेल्ट, फिल्टर मिळून जातील, पण मागच्या दाराचं बिजागर किंवा लाइट मिळवताना दमछाक होऊ शकते.

निवांत_चालक

चेंबर उतरवायचं विचारलं. आधी म्हणाला "एवढं कोण करतं", मग ऑइलचा खर्च माझा म्हटल्यावर हो म्हणाला. मेकॅनिक माझा, रॅम्प त्याच्या ओळखीचा असं ठरलंय. दरम्यान चार सिलिंडरवाली एक सापडलीय, रनिंग हिच्या दुप्पट आणि रंग अगदीच मरगळलेला. ती पण बघून येतो.

चारचाकी_संसार

रंगाचं सोडा, तिचा बेल्ट कधी बदललाय ते विचारा. कोरडा असला तरी बदलावा लागतोच.