मदत हवी आहे: कॉलेजात शिकणारी मुलगी डिपेंडंट (करासाठी आमच्यावर अवलंबून) दाखवली, ई-फाइल नाकारलं गेलं (अमेरिका, टॅक्स वर्ष २०२५)

शरयू:
आम्ही न्यूजर्सीत राहतो. दोघंही ग्रीनकार्डधारक, रिटर्न एकत्र भरतो, एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) १,४२,००० डॉलर. मुलगी २० वर्षांची, ओहायोतल्या एका विद्यापीठात पूर्णवेळ, दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या डब्ल्यू-२ (पगाराचा दाखला) वर ६,८०० डॉलर.

तिच्या १०९८-टी वर (विद्यापीठाकडून येणारा फीचा फॉर्म) चौकट १ मध्ये भरलेली ट्यूशन १४,००० आणि चौकट ५ मध्ये स्कॉलरशिप १२,००० आहे. त्या १२,००० पैकी ७,००० ची स्कॉलरशिप फक्त ट्यूशनसाठी आहे. उरलेले ५,००० राहण्याजेवणासकट कुठल्याही खर्चाला चालतात, असं पत्रात लिहिलंय. पुस्तकं आणि लॅबचं सक्तीचं सामान ६०० डॉलरचं, ते बाहेरून घेतलं. डॉर्म आणि मेस मिळून १३,०००, ते आम्ही भरले.

मुलीने तिचं रिटर्न आधीच ई-फाइल केलंय, आणि ‘मला कोणी डिपेंडंट दाखवू शकतं’ या चौकटीत खूण केलेली नाही. आमचं रिटर्न परत आलं. ती वर्षातले आठ महिने ओहायोत असते, स्वतः कमावते. मग ती आमची डिपेंडंट ठरते का? ठरत असेल तर आता दुरुस्ती कशी करायची?

आकडेमोड:
ठरते, आणि तुमच्या आकड्यांत शंकेला जागा नाही. कसोट्या अशा: वर्षअखेरीस वय २४ च्या आत हवं आणि वर्षातल्या किमान पाच महिन्यांत, महिन्याचा काही भाग का होईना, पूर्णवेळ शिक्षण हवं. हे महिने सलग असण्याची गरज नाही. अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याबरोबर राहायला हवं, पण शिक्षणासाठी बाहेर राहणं ही तात्पुरती अनुपस्थिती धरतात, म्हणून डॉर्ममधले महिने तुमच्याच घरचे मोजायचे.

तिची कमाई किती, याला या कसोटीत मर्यादाच नाही. बघायचं ते हे की तिने *स्वतःच्या* निर्वाहाचा अर्ध्याहून जास्त खर्च स्वतः केला का. ६,८०० पैकी बँकेत शिल्लक टाकलेले पैसे यात येत नाहीत, स्वतःवर खर्च केलेलेच येतात. विद्यार्थी मुलांची स्कॉलरशिप या हिशेबातून वगळतात. कर्ज मात्र नीट बघा: मुलीच्या नावावरचं स्टुडंट लोन हा तिचा खर्च, तुमच्या नावावरचं पॅरेंट प्लस लोन हा तुमचा. मुलांच्या नावावर मोठं कर्ज असलेल्या घरांत ही कसोटी इथेच हुकते. आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) पब्लिकेशन ५०१ मध्ये यासाठी तक्ता आहे, तो भरून कागदपत्रांत ठेवा.

आता त्या चौकटीबद्दल. ती विचारते की कोणी दाखवू *शकतं* का. आईवडिलांनी खरोखर दाखवलं की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे तुम्ही मुलीला दाखवायचं नाही असं ठरवलंत, तरी तिला ती खूण करावीच लागते.

खूण न केल्याने तिचा फायदाही काही झालेला नाही. डिपेंडंटचं २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) म्हणजे १,३५० किंवा कमाई अधिक ४५०, यातली मोठी रक्कम, कमाल १५,७५०. तिला ७,२५० मिळतं. कमाई ६,८००, म्हणजे फेडरल कर शून्य, आणि पगारातून कापलेला फेडरल कर दोन्ही प्रकारे तेवढाच परत येतो. तुमचं नुकसान मात्र मोठं आहे: इतर डिपेंडंटसाठीचं ५०० डॉलरचं क्रेडिट (थेट करातली सूट) आणि त्यावर कॉलेजखर्चासाठीचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे एओटीसी.

शरयू:
एओटीसीचा आकडा १०९८-टी वरून १४,००० वजा १२,०००, म्हणजे २,००० असाच धरायचा ना?

आकडेमोड:
तिथे थांबू नका. सक्तीची पुस्तकं आणि सामान बाहेरून घेतलं तरी एओटीसीला चालतं, १०९८-टी वर ते दिसत नाही इतकंच. म्हणून पात्र खर्च २,६००. पहिल्या २,००० वर शंभर टक्के, पुढच्या २,००० वर २५ टक्के. २,००० अधिक १५०, असे २,१५० डॉलर झाले. डॉर्म, मेस, प्रवास, आरोग्यविमा यांतलं काहीही पात्र खर्चात धरता येत नाही.

पण ते ५,००० राहण्याजेवणाला चालतात, तेव्हा त्यातले १,४०० मेसवर खर्च झाले असं धरता येतं. तेवढी स्कॉलरशिप *मुलीचं* करपात्र उत्पन्न होते आणि ट्यूशनचे १,४०० मोकळे होतात. पात्र खर्च ४,०००, क्रेडिट पूर्ण २,५००. मुलीचं उत्पन्न ८,२०० होतं. स्टँडर्ड डिडक्शनसाठी करपात्र स्कॉलरशिप कमाईतच मोजतात, म्हणून डिडक्शन ८,६५० आणि तिचा कर अजूनही शून्य. हे १,४०० तिच्या शेड्यूल १ च्या ओळ ८आर वर दाखवायचे. फक्त ट्यूशनसाठी दिलेल्या ७,००० वर हे चालणार नाही, म्हणून स्कॉलरशिपचं पत्र जपून ठेवा.

एक सावधगिरी. किडी टॅक्ससाठी (मुलांच्या बिनकमाईच्या उत्पन्नावरचा कर) हीच करपात्र स्कॉलरशिप बिनकमाईचं उत्पन्न धरतात. व्याज आणि लाभांशासकट ते २०२५ मध्ये २,७०० च्या वर गेलं, तर वरच्या भागावर आईवडिलांच्या दराने कर बसतो आणि फॉर्म ८६१५ भरावा लागतो. १,४०० ला धोका नाही, पण तिच्या नावावर शेअर असतील तर आधी बेरीज करा. ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीचं बचत खातं) पैसे काढले असतील तर तेच डॉलर एओटीसीत पुन्हा धरू नका.

पैलतीर:
दुरुस्तीचा क्रम सांगतो. मुलीचं मूळ रिटर्न प्रोसेस होऊन रिफंड हातात येऊ द्या. मग तिने १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) भरायचं: डिपेंडंटच्या चौकटीत खूण, डिडक्शनचा नवा आकडा आणि ते १,४०० एकाच दुरुस्तीत. हे ई-फाइल होतं. प्रोसेसिंगला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, कधी १६.

तुम्ही मात्र तिच्या दुरुस्तीची वाट बघत १५ एप्रिल चुकवू नका. आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून आयपी पिन (ओळख पटवणारा नंबर) घ्या. रिटर्नवर ज्यांचं नाव पहिलं, त्यांचा पिन लागतो. तो टाकून पुन्हा ई-फाइल करा. डिपेंडंट आधी दुसऱ्या रिटर्नवर आलेला असला तरी पिन असलेलं रिटर्न २०२५ च्या हंगामापासून स्वीकारतात. तरीही परत आलं तर तेच रिटर्न छापून, सही करून, एओटीसीचा फॉर्म ८८६३ जोडून सर्टिफाइड पोस्टाने पाठवा. मुलीचं नाव काढून ‘आत्ता भरू, नंतर बघू’ असं करू नका, दोन रिटर्न दुरुस्त करत बसावं लागेल.

सांजवात:
याच धाग्यात विचारते. आम्ही एच-१बी वर. मुलगा एच-४ वर (आमच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) होता, २१ पूर्ण होताना १ एप्रिल २०२५ पासून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) झाला. इथेच कॉलेजात आहे. त्यालाही असंच दाखवायचं का?

पैलतीर:
२०२५ साठी हो, २०२६ साठी नाही. हा फरक फार जणांच्या नजरेतून सुटतो. डिपेंडंट हा नागरिक किंवा वर्षाच्या काही भागात तरी करदृष्ट्या रहिवासी लागतो. (कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांना सूट आहे, भारताच्या नाही.) २०२५ मधले एच-४ चे ९० दिवस, २०२४ चे एक तृतीयांश म्हणजे १२२, २०२३ चे एक षष्ठांश म्हणजे जवळपास ६१; तो सतत इथेच असेल तर बेरीज रहिवासी ठरायला लागणाऱ्या १८३ दिवसांच्या बरीच वर. म्हणून २०२५ मध्ये तो रहिवासी.

एफ-१ चे दिवस मात्र पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजतच नाहीत, आणि एच-४ ची वर्षं त्या पाचांत धरली जात नाहीत. २०२६ मध्ये पूर्ण वर्ष एफ-१ असेल तर मोजायला एकही दिवस नाही, तो अनिवासी. तेव्हा तो तुमच्या रिटर्नवर येत नाही, त्याच्यामुळे एओटीसीही नाही. त्याने फॉर्म ८८४३ भरायचा आणि उत्पन्न असेल तर १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न). भारतातून नुकताच एफ-१ वर आलेला भाचा किंवा पुतण्या तुमच्या घरी राहत असेल, तरी याच कारणाने डिपेंडंट होत नाही.

ज्यांची मुलं आयटिनवर (सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांचा करनंबर) आहेत त्यांनी हेही लक्षात घ्या: २०२५ साठी एओटीसीला आयटिन चालतो, २०२६ पासून सोशल सिक्युरिटी नंबरच लागेल.

आकडेमोड:
शरयू, एक राहिलं. एओटीसी एका विद्यार्थ्यामागे चारच टॅक्स वर्षं मिळतं आणि चार वर्षांची पदवी पाच कॅलेंडर वर्षांत पसरते. २०२४ चं घेतलं असेल तर २०२५, २०२६ आणि २०२७ उरतात. शेवटच्या वर्षी ती मे २०२८ मध्ये पदवी घेऊन जूनमध्ये दुसऱ्या गावी नोकरीला गेली, तर पाच महिने शिक्षणाची अट भरेल, पण तुमच्याकडे अर्ध्याहून जास्त वर्ष राहण्याची भरणार नाही. त्या वर्षी तिचं रिटर्न स्वतंत्र धरून चला.