मदत हवी आहे: जुनी मोठी डॉलरची नाणी ठेवू की खर्च करून टाकू?

घाईत_आहे
सासऱ्यांचं कपाट आवरताना डॉलरची जुनी नाणी सापडली. चांगली मोठी आणि जड आहेत. शनिवारी परत निघतोय. बायको म्हणते तिकडे नेऊन खर्च करून टाकू, मेहुणा म्हणतो हलवूच नका, लाखांत जातील. दुकानात चालतात का ही? लवकर सांगा, बॅगा भरायच्यात.

सुपारी_कातर
तिकडे म्हणजे कुठे? डॉलर कॅनडाचाही असतो, ऑस्ट्रेलियाचाही. कॅनडाच्या 1967 पर्यंतच्या मोठ्या डॉलरात 80 टक्के चांदी आहे, तो असेल तर प्रश्नच मिटला. सन काय? किती आहेत? फोटो?

घाईत_आहे
अहो अमेरिकाच, न्यू जर्सी. सासरे सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला होते. एका बाजूला टक्कल पडलेला माणूस, मागे गरुड. पंधरावीस असतील. फोटो चढत नाहीये.

बंड्या_बोरिवली
आधी चिंच लावून घासा, मग रांगोळीने. सन लख्ख दिसेल. आमच्याकडे देवाची भांडी अशीच निघतात.

जुनं_नाणं
घासू नका!! चिंच नाही, टूथपेस्ट नाही, काही नाही. घासलेलं नाणं जाणकार डोळ्यांसमोर धरताच ओळखतो आणि भाव पाडतो.

टक्कल म्हणजे आयझेनहॉवर, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष. 1971 ते 1978 मध्ये पाडलेला डॉलर, व्यास 38.1 मिमी. मागचा गरुड चंद्रावर उतरतोय, ते अपोलो 11 चं बोधचिन्ह. काहींवर गरुडाऐवजी घंटा आणि चंद्र असेल आणि सन 1776-1976 असं असेल. 1975 सन घातलेला डॉलर पाडलाच नाही, तो दिसला तर खोटा समजा.

यातली बहुतेक नाणी तांबं-निकेलची आहेत, त्यांची किंमत जवळपास एक डॉलरच. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने 40 टक्के चांदीचीही काढली होती, संग्राहकांसाठी. निळ्या पाकिटातलं 3 डॉलरला, तपकिरी डबीतलं प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं) 10 डॉलरला. मानेखाली, सनाच्या वर बारीक एस (त्या टांकसाळीचं अक्षर) आहे का बघा.

घाईत_आहे
काहींवर एस आहे. म्हणजे चांदी ना? डबी वगैरे नाही.

जुनं_नाणं
एस म्हणजे चांदीच, असं नाही. 1973 पासून प्रूफ सेटमध्ये एस असलेली साधीही आली. कड बघा, तांब्याची लाल पट्टी स्पष्ट दिसली तर साधं. खात्री वजनाने. साधं 22.68 ग्रॅम, चांदीचं 24.59. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा फरक धड कळणार नाही, सराफाकडे जा. तोलायला जा, विकायला नको.

ओकलंड_वासी
इतकं कशाला? डॉलर म्हणजे डॉलर. ही नाणी आजही कायदेशीर चलन आहेत, बँकेत काउंटरवर द्या, खात्यात जमा होतात. दुकानात पोरगेलेसे कॅशियर मॅनेजरला हाक मारतात एवढंच. मशीनमध्ये मात्र टाकायला जाऊ नका, फटीत मावत नाहीत.

जुनं_नाणं
चांदीच्या नाण्यात 9.8 ग्रॅम शुद्ध चांदी असते. ते डॉलरच्या भावाने बँकेत द्यायचं? धन्य आहे.

ओकलंड_वासी
आधी चांदीचं निघू तर दे, मग धन्य म्हण.

गुंतवणूक_गुरुजी
चांदी नाण्यांत धरू नये. ईटीएफ घ्या, दर महिन्याला थोडे थोडे. डॉलर वर असताना आधी रुपयात बदलून…

सुपारी_कातर
गुरुजी, त्यांना कपाट आवरायचंय.

रत्नांग्रीचा_पोपट
माझ्याकडे 1918 चा पंचम जॉर्जचा रुपया आहे. किती येतील?

जुनं_नाणं
वेगळा धागा काढा. पण 1918 म्हणालात म्हणून सांगतो. पहिल्या महायुद्धात इथे लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते आणि सरकारकडे चांदी संपत आली होती. त्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा केला, 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली, ती भारतासाठी. तुमच्या रुपयात (11.66 ग्रॅम, 91.7 टक्के चांदी) वितळलेले मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर) असू शकतात. किंमत साधारण चांदीइतकी धरा. लाखांची जाहिरात दिसली तर लांब राहा, नोंदणीचे पैसे आधी भरा म्हणतात. रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलंय.

घाईत_आहे
माझा धागा आहे हा. अजून दोन सापडली, बाईचं डोकं आहे. 1922 आणि 1885. यांचं काय?

सुपारी_कातर
हे आत्ता सांगताय?

जुनं_नाणं
1922 म्हणजे पीस डॉलर, 1885 म्हणजे मॉर्गन डॉलर. दोन्ही 26.73 ग्रॅम, 90 टक्के चांदी. ही खर्चायची नाहीत. 1885 च्या मागे, हाराखाली काय अक्षर आहे?

घाईत_आहे
ओ.

जुनं_नाणं
म्हणजे न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ. भरपूर पाडलं होतं. सीसी असतं, कार्सन सिटी, तर मेहुण्याला पेढे द्यावे लागले असते. लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर बनावट. पण न चिकटलं म्हणजे खरंच, असं नाही, वजनही करा.

फौजदारी_नको
विमानात नेणार असाल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीचं नाणंही पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. 1885 आणि 1922 दोन्ही त्यात बसतात.

ओकलंड_वासी
अमेरिकेचं नाणं अमेरिकेत नेतोय, त्याला कोण अडवेल?

फौजदारी_नको
व्याख्येत ‘भारतीय’ अशी अट नाही. विमानतळावर अधिकाऱ्याशी वाद घालायचा असेल तर खुशाल न्या. घरात ठेवायला हरकत नाही, परकीय नाणी बाळगायला फेमात (परकीय चलनाच्या कायद्यात) मर्यादा नाही.

बंड्या_बोरिवली
लोणचं हातातल्या बॅगेत चालतं का? तेल वर आलं तर द्रव धरतात म्हणे.

घाईत_आहे
सराफाकडे जाऊन आलो. एसवाल्यांतली तीन 24.6 भरली, बाकी सगळी 22.7 च्या आसपास. दोन म्हाताऱ्या बायका चुंबकाला चिकटत नाहीत, वजनही बरोबर. त्या मेहुण्याकडे राहतील, चांदीची तीन माझ्याकडे. बाकीची बायको नेतेय, पोराचे दात पडायला लागलेत, तिकडच्या रिवाजाप्रमाणे पडलेल्या दाताच्या बदल्यात उशीखाली एकेक ठेवणार म्हणे.

जुनं_नाणं
उशीखाली ठेवण्याआधी 1972 ची, टांकसाळीचं अक्षर नसलेली, वेगळी काढा. त्यांच्या मागच्या बाजूला पृथ्वीचे तीन प्रकार आहेत, दुसऱ्याला जरा भाव आहे. आणि मेहुण्याला सांगा, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नको, काही वर्षांत हिरवा चिकट थर चढतो.

घाईत_आहे
1972 ची चार आहेत. पृथ्वी भिंगातून बघायची का नुसत्या डोळ्यांनी? टॅक्सी सहाला येणार आहे.