मेंदू शाबूत असलेली मुंगी

‘विज्ञान समजावलं की भीतीची मजा जाते, म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या भयकथेत राक्षस कुठून आला हे सांगूच नये’ हे मत काही पटलं नाही. भुताला नियम नसतात, परजीवीला (दुसऱ्या जिवाच्या शरीरावर जगणाऱ्या जिवाला) असतात. आणि नियम कळले की पुढे काय होणार ते मुलं स्वतःच ताडतात. खरी तंतरते ती तिथे.

ओफिओकॉर्डिसेप्स बुरशीचंच घ्या. ती लागलेली मुंगी वारूळ सोडून झाडावर चढते, पानाखालची शीर जबड्यात घट्ट पकडते आणि तशीच मरते. मग डोक्यातून बुरशीचा देठ फुटतो. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की बुरशीच्या पेशी स्नायूंभोवती जाळं विणतात, मेंदूत मात्र शिरत नाहीत. हे भाचीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे तिला सगळं कळत असेल?" (काय उत्तर देणार!) रक्ताचा थेंब न सांडता एवढं घाबरवता येतं. शिवाय सुटकेची वाटही यातच आहे: वारुळाच्या आत या बुरशीची वाढ पूर्ण होत नाही. गोष्टीतल्या मुलांनाच हे शोधू द्या, कुणा शास्त्रज्ञ काकांनी येऊन सांगायला नको.